एका ओळीचं भांडण

"'जाणतो' हे क्रियापद काढा," पोहनेरकर सर म्हणाले. "मुलगा जाणतो की नाही, हे तुम्हाला कसं कळणार? त्याच्या डोक्यात शिरून बघणार आहात?"

"मग काय लिहू?" मुजावरांनी विचारलं.

"'ओळखून दाखवतो' लिहा. 'आकृती काढून दाखवतो' लिहा. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लिहा."

कॉलेजच्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासक्रम समिती बसली होती. पुढच्या वर्षापासून नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून इंटर्नशिप संपेपर्यंत कुठल्या टप्प्यावर मुलाला काय आलं पाहिजे, ती उद्दिष्टं आम्हाला ठरवायची होती. डॉ. भालचंद्र पोहनेरकर समितीचे अध्यक्ष. ते मेडिसिनचे प्राध्यापक होते, आणि गावात त्यांना नुसतं 'सर' म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर त्यांच्या दारात नेऊन सोडायचा. मी त्यांची विद्यार्थिनी. तेव्हा मी फिजिऑलॉजी शिकवत होते आणि समितीची सचिव होते. डॉ. इक्बाल मुजावर अॅनाटॉमीचे प्रमुख. सडेतोड माणूस, थोडा तिरसट.

त्या दिवशी वाद तासांचा होता. सरांना पहिल्या वर्षाची मुलं वॉर्डात पाठवायची होती, आणि त्यासाठी अॅनाटॉमीचे तास कमी करायचे होते. मुजावर बराच वेळ अडून बसले. शेवटी सर म्हणाले, "मुजावर, तुमच्याकडे मुलाला शरीर कळतं. पण जिवंत माणूस त्याला दोन वर्षं भेटतच नाही. तोवर तो घाबरट होऊन बसतो." मुजावरांनी डिसेक्शनचे काही तास सोडले. मी तशी नोंद केली. मग चहा आला.

चहा झाल्यावर सरांनी चष्मा पुसला, कागद समोर ओढला आणि म्हणाले, "आता अॅनाटॉमीचे तास बघू. मुजावर, मला तुमच्याकडून थोडे तास पाहिजेत."



"थट्टा करताय का सर?" मुजावर म्हणाले. "आत्ताच तर दिले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाचा चेहरा होतो, तसं. मी लिहिलेली नोंद त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वाचली आणि हसून म्हणाले, "पुन्हा मागून बघितले. अजून मिळतात का ते."

सगळे हसले. मुजावर हसले नाहीत. मीही नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ओपीडीची गर्दी ओसरली होती. त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"तुझ्या लक्षात आलंय," ते म्हणाले.

"काय सर?"

"वत्सला, मी तुला शिकवलंय. तुला खोटं बोलता येत नाही, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे."

मी खुर्ची ओढून बसले.

"अल्झायमर आहे. सुरुवात आहे. पुण्याला जाऊन आलो. स्कॅन झाला, सगळ्या तपासण्या झाल्या. ज्यानं निदान केलं तो माझाच विद्यार्थी आहे. फार चांगलं सांगितलं त्यानं. काही लपवलं नाही, घाई केली नाही. तुझ्या काकूंना वेगळं बसवून समजावलं. मला अभिमान वाटला."

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. खाली वॉर्डाच्या पायऱ्यांवर नातेवाईक डबे उघडून जेवत होते.

"त्याचं गाव इथून जवळच. दर दिवाळीला यायचा. या वेळी नाही आला. फोन केला तर म्हणाला, सर, फार काम आहे. नंतर मी केलेला फोन त्यानं घेतलाच नाही. मला राग नाही त्याचा. त्याला काय करायचं ते कळत नाहीये. औषध लिहून झालं, पुढे करण्यासारखं काही उरलं नाही, मग यायचं कशाला, असं त्याला होतं. मी त्याला सगळं शिकवलं. हे शिकवलंच नाही."

"सर, यात तुमचा काय दोष?"

"दोष नाही म्हणत मी. राहून गेलं, एवढंच." त्यांनी खणातून एक कागद काढला. त्यावर एकच ओळ होती. "हे इंटर्नशिपच्या उद्दिष्टांत घालायचंय. वाच."

मी वाचलं. 'बरा न होणाऱ्या पेशंटकडे दुसऱ्या दिवशी परत जातो.'

"क्रियापद बघ," सर म्हणाले. "दिसणारं आहे. गेला की नाही, कुणालाही सांगता येतं."

त्यांनी माझ्याकडे एकच मागणं मागितलं. कॉलेज कौन्सिलची मंजुरी होईपर्यंत मी त्यांना सांभाळून घ्यावं. मंजुरी झाली की ते स्वतःच नोकरी सोडणार होते. ओपीडी त्यांनी आधीच सोडली होती. गुडघ्याचं कारण सांगून पेशंट दुसऱ्यांकडे पाठवायला लागले होते. "पेशंटच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही," ते म्हणाले. "कागदाच्या बाबतीत थोडा चालेल. तू शेजारी बसत जा."

मी शेजारी बसायला लागले. बैठकीत त्यांचा धागा सुटला की मी हळूच पुढचा मुद्दा म्हणायची. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आम्ही कौन्सिलपुढचं भाषण बसवायचो. कुमुदकाकू आतून पोहे आणायच्या आणि दाराशीच उभ्या राहायच्या.

"पाठ करून घेतेस का ग त्यांच्याकडून?" एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात विचारलं.

"हो काकू."

"माझंही एक पाठ करून घे. गॅस बंद करायचा म्हणून." एवढं बोलून त्या भांडी घासायला लागल्या. भांडं स्वच्छ झालं होतं, तरी घासतच राहिल्या.

समितीत त्या ओळीवरून वाद झालाच. बहुतेकांनी माना डोलावल्या, पण त्यासाठी तास कुठून आणायचे म्हणून कुरकुरले. मुजावरांनी सरळ विचारलं, "याला गुण कसे देणार?"

"वॉर्डाच्या सिस्टरनं सही करायची. गेला तर गुण, नाही गेला तर नाही."

"मला हे परीक्षेत नको आहे."

"का?"

"नको आहे," मुजावर म्हणाले, आणि पुढे बोललेच नाहीत. समितीनं निर्णय कौन्सिलवर सोडला.

कौन्सिलची बैठक अधिष्ठात्यांच्या दालनात झाली. डॉ. लोमटे मॅडम अधिष्ठाता होत्या. सगळ्या विभागांचे प्रमुख आले होते. सरांनी पांढरा शर्ट घातला होता, काकूंनी कडक इस्त्री केलेला. ते उभे राहिले आणि बोलायला लागले. ते फार सुरेख बोलले. कुठल्या वर्षी काय, का, आधी काय यायला हवं, नंतर काय, सगळं ओघानं येत होतं. मी समोर कागद धरून बसले होते आणि मला एकदाही ओठ हलवावे लागले नाहीत. मला वाटलं, निभावलं.

मग ते त्या ओळीपाशी आले. ओळ त्यांनी वाचली, आणि मुजावरांकडे वळून म्हणाले, "कुलकर्णी, तुमचा याला विरोध आहे, ते मला माहीत आहे."

कुलकर्णी मुजावरांच्या आधीचे प्रमुख. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी हळूच म्हटलं, "मुजावर सर." सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुजावरांकडे, मग टेबलाभोवती सगळ्यांकडे. कुणी चष्मा काढून पुसत होतं, कुणी कागदांची टोकं जुळवत होतं. लोमटे मॅडम काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होत्या. सरांनी हातानं त्यांना थांबवलं.

"मी एक केस सांगतो," ते म्हणाले. "वॉर्डात सांगतो तशी."

ते टेबलाला हात टेकून उभे राहिले.

"पेशंट पुरुष आहे. वय साठच्या आसपास. व्यवसाय शिक्षकाचा. तक्रार अशी की नवं लक्षात राहत नाही. सुरुवात हळूहळू. आधी नावं गेली, मग एखादी ठरलेली गोष्ट. घरच्यांना आधी कळलं, पेशंटला नंतर. जुनं सगळं शाबूत आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. घरी पत्नी आहे. मूलबाळ नाही. पेशंटला स्वतःच्या आजाराची जाणीव आहे." इथं ते थांबले. मला वाटलं, विसरले. पण ते विसरले नव्हते. "ही जाणीव पुढे राहणार नाही. निदान नक्की आहे. उपचारानं आजार बरा होत नाही. आता मला सांगा, आपण तयार केलेला डॉक्टर या पेशंटसाठी काय करील?"

त्या दालनात आम्ही सगळे डॉक्टर होतो.

लोमटे मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर," त्या म्हणाल्या, "हे उद्दिष्ट आपण मंजूर करतोय. सगळ्यांच्या वतीनं मी सांगते."

"नको, लोमटे," सर म्हणाले. "माझी कीव आली म्हणून नको. पटलं तर करा. कुणाला पटलेलं नाही?"

मग मुजावरांनी हात वर केला.

मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की हातातलं पेन खाली ठेवावं लागलं.

"मला पटलेलं नाही, सर," ते म्हणाले. "त्याला गुण आणि सही नको."

"ठीक आहे," सर म्हणाले. "अजून कोण?"

एकानं हात वर केल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. तास नाहीत, वॉर्डात आधीच गर्दी आहे, सिस्टरना सह्या करायला सवड नाही. कारणं खोटी नव्हती. शेवटी ती ओळ ऐच्छिक उपक्रमांत गेली, अगदी मागच्या पानावर. तिला तास नव्हते आणि गुण नव्हते. बाकीचा सगळा अभ्यासक्रम एकमतानं मंजूर झाला.

"नोंद घे, वत्सला," सर म्हणाले आणि बसले. बसताना त्यांनी मुजावरांच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्या वर्षी सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाला सभागृह भरलं होतं, बाहेरगावचे विद्यार्थीसुद्धा आले होते. ज्यानं निदान केलं तो आला नव्हता. सुरुवातीला सरांच्या घरी लोकांची ये-जा होती. फळं घेऊन यायचे, बसायचे, जुन्या आठवणी काढायचे. पण सर तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले की पाहुणे घड्याळाकडे बघायचे. हळूहळू लोक कमी झाले. रस्त्यात भेटले की मला विचारायचे, "सर कसे आहेत? यायचंय एकदा." मी अधूनमधून संध्याकाळी जात होते. मुजावरांशी मात्र मी कामापुरतंच बोलायची. कॉरिडॉरमध्ये समोरून आले की दुसरीकडे बघायची.

एका रविवारी सकाळी काकूंना बाजारातून काही हवं होतं म्हणून मी गेले. व्हरांड्यात सर खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्यापुढे स्टुलावर मुजावर. सरांचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता आणि ते नखं कापत होते.

मी काकूंकडे पाहिलं.

"दर रविवारी येतात," काकू म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं? नखं मला कापू देत नाहीत ते. माझा हात झटकतात. यांना देतात."

मुजावर एकेक बोट धरत होते आणि हाताच्या हाडांची नावं म्हणत होते. "स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल." ते थांबले की सर पुढचं म्हणायचे. "पिसिफॉर्म." त्या सुमारास सरांना काकूंचं नाव आठवेनासं झालं होतं. हाडं मात्र ओळीनं येत होती.

निघताना मुजावर आणि मी फाटकापर्यंत बरोबर आलो. मला राहवलं नाही.

"मुजावर सर, त्या ओळीला तुम्हीच विरोध केला होता."

"केला होता."

"मग हे?"

ते स्कूटरला टेकून उभे राहिले. "मॅडम, माझे अब्बा दोन वर्षं खाटेवर होते. अर्धांग. आमच्या गल्लीत एक मास्तर राहायचे, ते रोज शाळा सुटली की यायचे. अब्बांना बोलता येत नव्हतं, तरी ते त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. एकदा समाजकार्याच्या कॉलेजची मुलं आली. त्यांच्याकडे छापील कागद होते. अब्बांच्या उशाशी उभं राहून त्यांनी ते भरले आणि आईची सही घेतली. मुलं वाईट नव्हती. पण ती गेल्यावर अब्बांनी तोंड भिंतीकडे केलं, आणि त्या दिवशी मास्तरांकडेही बघितलं नाही. खाटेवरच्या माणसाला कळतं, मॅडम, कोण कशासाठी आलंय ते."

"हे तुम्ही कौन्सिलमध्ये का नाही बोललात?"

"सरांनी स्वतःची केस मांडल्यावर मी माझ्या बापाची मांडू? ते बरं दिसलं असतं?"

मी फाटकाची कडी लावली.

"सरांना मात्र सांगितलं," ते म्हणाले. "इथं पहिल्यांदा आलो तेव्हा. सर म्हणाले, तुमचं चुकतंय मुजावर. सही घ्यायला दहा येतील. त्यातला एखादा बसेल. तो सहीशिवाय आलाच नसता. त्या एकासाठी घालायचं. मी म्हटलं, आणि उरलेल्या नऊ जणांनी ज्या पेशंटांना दुखावलं, त्यांचं काय? सर म्हणाले, विचार करून पुढच्या रविवारी सांगतो."

"मग?"

"पुढच्या रविवारी त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी एकटाच भांडतोय तेव्हापासून."

त्यांनी स्कूटर सुरू केली आणि गेले. त्यानंतर मी रविवारी जायला लागले. मुजावरांना मी 'माफ करा' वगैरे म्हटलं नाही, आणि त्यांनी तशी वाटही पाहिली नाही. ते नखं कापायचे, मी पेपर वाचायची, काकू आत थोडं आडवं व्हायच्या. आठवड्यातली तेवढीच त्यांची विश्रांती. सरांची हाडं एकेक करून कमी होत गेली. एका रविवारी मुजावर "ल्युनेट" म्हणून थांबले आणि पुढे काही आलंच नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, आणि पुढचं स्वतःही म्हटलं नाही. त्या दिवसापासून ते गप्पच नखं कापत.

काही वर्षांनी अभ्यासक्रमाचा फेरआढावा आला. अध्यक्ष मुजावर होते, मी सचिवच होते. इंटर्नशिपच्या पानावर आलो तेव्हा त्यांनी मागचं पान उघडलं, ती ओळ वाचली आणि म्हणाले, "ही पुढे घ्या. सक्तीची करा. सिस्टरची सही, गुण, सगळं."

नव्या लोकांपैकी कुणी हरकत घेतली नाही. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. बैठक संपल्यावर मी विचारलं, "पटलं का तुम्हाला शेवटी?"

"नाही," मुजावर कागद गोळा करत म्हणाले. "पण मी इतकी वर्षं जातोय ना. जे स्वतःहून येतील असं मला वाटायचं, ते कुणीच आले नाहीत. तुम्ही आलात, मी आलो. बाकी सगळे चांगलेच लोक होते, मॅडम. सरांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही."

त्या रविवारी आम्ही दोघं बरोबरच गेलो. थंडीचे दिवस होते. काकूंनी सरांच्या अंगावर शाल टाकली होती आणि खुर्ची उन्हात सरकवली होती. सर खूप बारीक झाले होते. गेले कित्येक महिने ते क्वचितच एखादा शब्द बोलत. मुजावर नेहमीसारखे स्टुलावर बसले, त्यांनी सरांचा हात मांडीवर घेतला, पण कात्री उघडली नाही.

"सर," ते म्हणाले, "ती ओळ घातली. सक्तीची केली. भांडण तुम्ही जिंकलात."

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काकूही दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सर आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसे.

मुजावरांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. "परत जातो, ती ओळ. आपण घातली, सर."

सरांचे ओठ हलले. आम्ही तिघंही पुढे वाकलो.

"हळू काढा," सर म्हणाले. "दुखतं."

मुजावरांनी मान खाली घातली. कात्री उघडली आणि अंगठा हातात धरला.

"हो सर," ते म्हणाले. "हळू काढतो."